गॅस संपला म्हणजे गेला कुठे?

मे महिना, मुलुंड, दुपारचे तीन. बेडरूमचा एसी नुसताच वारा घालत होता. मेकॅनिक खिडकीबाहेरच्या ग्रिलवर एक पाय टेकून आउटडोअर युनिटशी झटत होता आणि मी आतून त्याला पाना-पक्कड देत होते. पाच मिनिटांत निदान झालं.

"ताई, गॅस संपलाय. भरावा लागेल."

"अरे, गेल्या मे महिन्यातही तू हेच सांगितलं होतंस."

"दरवर्षी लागतोच ताई. खारी हवा ना इथली."

मग आतला उरलासुरला गॅस साफ करायला म्हणून त्यानं व्हॉल्व्ह उघडला. फुस्स. सात-आठ सेकंद. वास नाही, धूर नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. नळीच्या तोंडाशी जरासं पांढरं बाष्प दिसलं आणि विरलं.

नेमक्या त्याच वेळी सासूबाई बाथरूममधून पदर नाकाला लावून बाहेर आल्या. मी सकाळीच टॉयलेट क्लीनर ओतून ठेवलं होतं. "अगं, किती तो उग्र वास! या असल्या बाटल्यांनीच तो ओझोन की काय तो फाटतो ना?"

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे गप्प बसणं अवघड होतं. घरात एकाच मिनिटाला दोन रसायनं हवेत गेली होती. जिच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं, ती ओझोनच्या बाबतीत निर्दोष. दोषी होता तो खिडकीबाहेरचा फुस्स, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

आधी त्या 'गॅस संपला'चा निकाल लावू. एसीतला गॅस म्हणजे शेगडीचा गॅस नव्हे. तो जाळला जात नाही, खर्च होत नाही. तांब्याच्या बंद नळीत तो गोल गोल फिरत असतो: खोलीतली उष्णता उचलायची, बाहेर नेऊन टाकायची, परत यायचं. दहा वर्षांनीही तो तेवढाच असायला हवा. कमी झाला याचा अर्थ नळीला कुठेतरी भोक आहे. ते भोक न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता रोज टायरमध्ये हवा भरणं. मुंबईत समुद्राच्या खाऱ्या हवेनं कॉइल लवकर कुजते, हे त्याचं म्हणणं खरं. पण ते गळतीचं कारण झालं, दरवर्षी गॅस भरण्याचं समर्थन नव्हे. गॅस संपत नाही, जातो. आणि जातो तो वर.

वर म्हणजे विमानांच्याही वर. साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरच्या पट्ट्यात ओझोन जास्त सापडतो. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू. तिसरा येऊन चिकटला की ओझोन. 'थर' हा शब्द जरा फसवा आहे, कारण दुधावरच्या सायीसारखं तिथे काही पसरलेलं नाही. हवेच्या १ कोटी रेणूंमागे ओझोनचे सरासरी ३, इतका विरळ मामला. हा सगळा ओझोन खाली आणून जमिनीवरच्या दाबाखाली अंथरला, तर जाडी भरेल ३ मिलिमीटर. बिस्किटाहून पातळ. मुंबईच्या डोक्यावर तर त्याहूनही थोडा कमीच, कारण उष्ण कटिबंधात तो मुळातच पातळ असतो. सूर्याचे जे अतिनील किरण कातडीचा कर्करोग आणि मोतीबिंदू देतात, पिकं खुरटवतात, त्यातले बहुतेक या ३ मिलिमीटरमध्ये अडतात.

आणि हा काही एकदा भरून सील केलेला साठा नाही. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखं त्याचं चालतं. वरचा सूर्यप्रकाश ऑक्सिजन फोडून नवा ओझोन करत राहतो आणि जुना मोडतही राहतो. आवक-जावक जुळते म्हणून पातळी टिकते. सिडनी चॅपमन यांनी १९३० साली हा हिशेब मांडला. टाकीला बारीक गळती लागली, तर पंप पूर्वीइतकाच चालूनही पातळी उतरते. ओझोनचं तसंच झालं.

गळती लावणारा क्लोरीन. इथे सासूबाईंची बाजू भक्कम वाटते, कारण टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, कपडे पांढरे करायच्या द्रावणात सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे दोन्हीकडे क्लोरीन आहेच. मग त्या चुकल्या कुठे? पावसात. ही रसायनं पाण्यात चटकन विरघळतात आणि समोर येईल त्याच्याशी भिडतात: फरशी, फडकं, आपलं नाक. जी थोडी वाफ हवेत जाते ती ढगातल्या थेंबांत विरघळून खाली येते. जुलैत मरीन ड्राइव्हला लाटा कठड्यावर फुटतात तेव्हा जे खारे तुषार उडतात, त्यांतही क्लोराइड असतंच. सगळ्या समुद्रांवरून मिळून हवेत किती मीठ उडत असेल! पण पाऊस ते धुऊन खाली आणतो, ओझोनपर्यंत पोचू देत नाही. तिखट स्वभावाची माणसं दारातच भांडून घेतात, त्यांना लांबचा पल्ला जमत नाही, तसं हे.

(म्हणून ती बाटली निरुपद्रवी असं मात्र नाही. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र ओतू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ओझोन सुरक्षित राहील, तुम्ही राहणार नाही.)

डांबराच्या गोळ्या नॅफ्थलीनच्या असतील तर त्यांत क्लोरीनच नसतो. फिनाईल, उदबत्ती, धूप यांनाही या खटल्यात आरोपी करता येत नाही.

आता लांबचा पल्ला गाठणारा कोण ते पाहू. १९२०च्या दशकात अमेरिकेत घरगुती फ्रिज यायला लागले तेव्हा त्यांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत. गळती झाली की माणसं मरत. १९२८ साली थॉमस मिजली या रसायनतज्ज्ञाच्या गटानं एक नवा पर्याय शोधला: कार्बन, क्लोरीन आणि फ्लोरीन यांची संयुगं, म्हणजे सीएफसी. विषारी नाही, पेट घेत नाही, धातू गंजवत नाही, वास जवळपास नाहीच. १९३० साली रसायनतज्ज्ञांच्या एका सभेत मिजलीनं हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. एका फुंकरीत दोन्ही सिद्ध झालं: माणूस मरत नाही आणि आग भडकत नाही. पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची कल्पनाही याच गृहस्थांची. एका माणसाच्या हातून हवेचं एवढं नुकसान होणं हा योगही विरळाच.

पण मिजलीला खलनायक ठरवणं मला पटत नाही. त्यानं खरोखर सुरक्षित वायू शोधला होता. गोम अशी की सीएफसी इतका गरीब स्वभावाचा आहे की खाली त्याचं कुणाशीच पटत नाही आणि बिनसतही नाही. पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाऊस त्याला धुऊ शकत नाही. कशाशी अभिक्रिया करत नाही, म्हणून हवा त्याला मोडू शकत नाही. फ्रिजमध्ये वापरला जाणारा सीएफसी-१२ वातावरणात सुमारे १०० वर्षं टिकतो. मग हळूहळू वर सरकत जाण्याखेरीज त्याला काही कामच उरत नाही. त्यात आपला पावसाळा म्हणजे उलटी लिफ्ट. पावसाळ्यातले उंच ढग खालची हवा ओढून कित्येक किलोमीटर वर नेतात. एकच ढग: टॉयलेट क्लीनरचं आम्ल धुऊन खाली आणतो आणि न विरघळणारा वायू वर पोचवतो.

ओझोनच्या वर पोचलं की गरिबी संपते. तिथले कडक अतिनील किरण सीएफसीचा रेणू फोडतात आणि क्लोरीनचा अणू सुटा होतो. पुढचं वर्गात सांगताना मी कॅरम बोर्ड घेते. क्लोरीन म्हणजे स्ट्रायकर, ओझोन म्हणजे सोंगट्या. क्लोरीन ओझोनला धडकतो, त्याचा एक ऑक्सिजन हिसकावतो. राहिला साधा ऑक्सिजन, सोंगटी भोकात. हिसकावलेला ऑक्सिजन दुसऱ्या सुट्या ऑक्सिजनला देऊन क्लोरीन पुन्हा मोकळा होतो. स्ट्रायकर परत हातात! पुढची सोंगटी. क्लोरीन स्वतः खर्च होतच नाही, हीच यातली मेख. असा एक अणू सुमारे १ लाख ओझोन रेणू मोडू शकतो असा अंदाज आहे. मग केव्हातरी तो हायड्रोजनला गाठ पडून पुन्हा आम्ल होतो, हळूहळू खाली उतरतो आणि पावसात धुऊन जातो. म्हणजे शेवटी बाथरूममधल्या बाटलीतलंच रसायन, फक्त शंभर वर्षांचा फेरफटका मारून आलेलं.

हे गणित मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड या रसायनतज्ज्ञांनी १९७४ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात मांडलं. तेव्हा वर भोक वगैरे कुणी पाहिलेलं नव्हतं. निव्वळ कागदावरचा तर्क होता. कंपन्यांनी खिल्ली उडवली. तरी अमेरिकेनं १९७८ साली बहुतेक स्प्रेच्या डब्यांतला सीएफसी बंद केला. १९८५ साली ब्रिटनच्या जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरची मापं छापली आणि सगळ्यांची झोप उडाली. तर्कानं सांगितलं होतं त्याहून ओझोनची घट फार मोठी होती. हेच ते 'ओझोनचं भोक'. मोलिना आणि रोलँड यांना १९९५ साली पॉल क्रुट्झेन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

विद्यार्थी इथे हमखास विचारतात: फ्रिज मुंबईत, न्यूयॉर्कमध्ये, मग भोक अंटार्क्टिकावर का? वायू एक-दोन वर्षांत सगळ्या जगभर मिसळतो, त्यामुळे कुठून सुटला याला अर्थ नाही. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात वरची हवा उणे ७८ अंशांखाली जाते आणि एरवी कोरड्या असलेल्या त्या उंचीवर बर्फकणांचे ढग तयार होतात. निरुपद्रवी संयुगांत अडकून पडलेला क्लोरीन या कणांच्या पृष्ठभागावर सुटा होतो. सगळा हिवाळा स्ट्रायकर जमत राहतात. सप्टेंबरमध्ये सूर्य परततो आणि खेळ सुरू होतो. ढगांची ही भूमिका अमेरिकी शास्त्रज्ञ सुझन सॉलोमन यांनी पुढे आणली. मुंबईवर असं भोक नाही आणि नव्हतं. आपण मापंही जुनीच घेतोय: हवामान खात्याच्या अण्णा मणी यांनी १९६०च्या दशकात फुग्याला बांधून सोडायचं ओझोन मोजणारं भारतीय बनावटीचं यंत्र घडवलं, आणि अंटार्क्टिकावरच्या आपल्या मैत्री तळावरूनही तसे फुगे सोडले गेले.

घराकडे परत येऊ. कपाटातला डिओ, रूम फ्रेशनर, डासांचा स्प्रे यांत आता ढकलायला सीएफसी नसतो; बहुधा ब्युटेन-प्रोपेन असतो, म्हणजे जवळजवळ शेगडीचाच गॅस. डब्यावर 'ओझोनला सुरक्षित' असं लिहिलेलं असतं ते खरं आहे, पण त्यात उपकार काही नाहीत. दुसरं काही वापरायची परवानगीच नाही. गॅसजवळ मात्र फवारू नका. आमच्या शाळेच्या काळात व्हाईटनर असायचा, त्याचा तो गोडसर, डोकं गरगरवणारा वास आठवतो? तसल्या अनेक व्हाईटनरमध्ये मिथाइल क्लोरोफॉर्म असे, तोही ओझोन खाणारा, पुढे हद्दपार झाला. ड्रायक्लीनिंगला कधीकाळी कार्बन टेट्राक्लोराइड वापरत, तोही गेला. दम्याचा पंप हा नाजूक विषय: त्यात सीएफसी होता आणि रुग्णांसाठी त्याला काही वर्षं सवलतही होती. आता त्यात दुसरा वायू असतो, तेव्हा या लेखापायी कुणी पंप बाजूला ठेवू नये. गणपतीच्या मखराचा थर्माकोल पेंटेननं फुगवतात, ओझोनशी त्याचं वैर नाही. महाराष्ट्रात २०१८ साली त्यावर बंदी आली ती कचऱ्यापायी.

म्हणजे डब्या-बाटल्यांचा प्रश्न जवळपास सुटलेला आहे. उरलं ते गार करणाऱ्या यंत्रांत.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी ओझोन खाणारी रसायनं टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली आला. आपलं म्हणणं रास्त होतं: तुम्ही पन्नास वर्षं वापरून झाल्यावर आमच्या घरात फ्रिज यायच्या वेळी बंदी? म्हणून विकसनशील देशांना जास्त मुदत आणि बदलासाठी निधी मिळाला. २०१० पासून, तो पंपाचा अपवाद सोडून, भारतात सीएफसी बंद झाला. त्याच्या जागी एचसीएफसी आले. आपल्या एसींतला आर-२२ त्यांपैकीच. त्याच्या रेणूत एक हायड्रोजन असतो. त्या एका दोरीला धरून खालची हवाच बहुतेक आर-२२ मोडून टाकते. म्हणून ओझोनला त्याचा उपद्रव सीएफसी-११ या जुन्या सीएफसीच्या जेमतेम साडेपाच टक्के. कमी, पण शून्य नाही. शिवाय उष्णता अडवण्यात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट. २०२५ पासून भारतात नव्या यंत्रांत तो भरता येत नाही. जुन्यांच्या दुरुस्तीपुरता अजून मिळतो, आणि ती जुनी यंत्रं म्हणजे आमच्या बेडरूमच्या खिडकीबाहेर लटकलेलं ते धूड.

तुमच्याकडे काय आहे हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. आउटडोअर युनिटच्या बाजूला धातूची किंवा स्टिकरची पाटी असते, तीवर गॅसचं नाव असतं. आर-२२ म्हणजे ओझोन खाणारा. आर-४१०ए आणि आर-३२ मध्ये क्लोरीन नाही, ओझोन सुरक्षित. पण पृथ्वी तापवण्यात आर-४१०ए हा आर-२२ चा सख्खा भाऊ, आर-३२ बराच सौम्य. म्हणूनच २०१६ साली रवांडातल्या किगालीत या नव्या वायूंनाही मॉन्ट्रियल कराराखाली घेतलं. आर-२९० म्हणजे शुद्ध केलेला प्रोपेन. ओझोनला शून्य, तापमानाला नगण्य, मात्र पेट घेणारा, तेव्हा तिथे अर्धवट शिकलेला मेकॅनिक अजिबात नको. विक्रोळीच्या गोदरेजनं असे एसी २०१२ च्या सुमारास बाजारात आणले होते. नव्या फ्रिजमध्ये बहुधा आर-६००ए असतो, आयसोब्युटेन, तोही चांगल्यांतला.

कराराचा उपयोग झाला का? झाला. बंदी घातलेल्या पदार्थांपैकी जवळपास ९९ टक्के वापर थांबला आहे. हे असंच चालू राहिलं तर जगाच्या बहुतेक भागांत ओझोन २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास, असा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचा अंदाज आहे. इतकी वर्षं का? वर गेलेले स्ट्रायकर अजून खेळतायत म्हणून.

जाता जाता एक घोळ निस्तरते. बाजारात भाज्या धुवायची, हवा शुद्ध करायची 'ओझोन' यंत्रं मिळतात. त्यांतला ओझोन उडून वरचा थर भरून काढत नाही. तो मधेच मोडतो. आणि घरात साचला तर फुप्फुसांना त्रासच देतो. गाड्यांच्या धुरातून उन्हात तयार होणारा खालचा ओझोनही प्रदूषणातच मोजतात. रेणू तोच, पत्ता चुकीचा.

तर आमचा एसी. मेकॅनिकला मी गॅस भरू दिला नाही, थोडी वादावादी झाली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला बोलावलं. त्यानं नळीत नायट्रोजन दाबानं भरला आणि ब्रश घेऊन सांध्यासांध्याला साबणाचा फेस लावत गेला. नळी युनिटला जोडते तिथल्या पितळी नटाखाली एक बुडबुडा आला, फुगला, फुटला, दुसरा आला.

"हे बघा ताई. इथून चाललाय."

मोहरीएवढा बुडबुडा. दोन मे महिन्यांत तिथून भरलेला गॅस निघून गेला होता. एवढ्या एसीत साधारण एक किलो मावतो. त्यानं नळीचं टोक कापून नव्यानं फुलवलं, नट आवळला, पुन्हा फेस लावला. बुडबुडा नाही. मग व्हॅक्यूम पंप लावून नळी रिकामी केली आणि वजनकाट्यावर मोजून गॅस भरला. पहिल्याच्या दुप्पट पैसे घेतले. त्यानंतरच्या मे महिन्यात गॅस भरावा लागला नाही.

सासूबाई हे सगळं पलंगावर बसून पाहत होत्या. तो गेल्यावर म्हणाल्या, "मग गिरगावातला आपला फ्रिज? त्यात कुठला?"

रविवारी जाऊन पाहिलं. चाळीतल्या खोलीत १९९३ साली घेतलेला, अजून घरघरत चालणारा. मागच्या पाटीवर गंज होता, फडक्यानं पुसल्यावर अक्षरं दिसली: आर-१२. म्हणजे तोच सीएफसी-१२, शे-दीडशे ग्रॅम असेल, शिवाय भिंतींतल्या फोममध्ये मुरलेला वेगळा. तीस वर्षांत थेंबभरही न गळता आत बसलाय, आणि आत आहे तोवर कुणाचं काही बिघडवत नाही. तो सुटेल भंगारात गेल्यावर नळी कापतील तेव्हा. ई-कचऱ्याच्या नियमांत आता फ्रिज येतो, पण गॅस काढून घेणारं यंत्र ज्याच्याकडे आहे असा माणूस मला अजून सापडलेला नाही. शोध चालू आहे. भंगारवाला मात्र दर दिवाळीला वर येऊन विचारून जातो.